रुखरुख, घालमेल आणि मनाचा रवंथ

दुपारी कुणीतरी बोलता बोलता एक वाक्य टाकून जातं. "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." एवढंच. त्या क्षणी आपण कसंनुसं हसून वेळ मारून नेतो आणि कामाला लागतो. संध्याकाळी हात रिकामे झाले की ते वाक्य वर येतं. जेवताना पुन्हा येतं. अंथरुणाला पाठ टेकली की ठाण मांडूनच बसतं. असं का म्हणाले, सगळ्यांसमोर का म्हणाले, तिथल्या तिथे उत्तर का सुचलं नाही, माझंच नेहमी असं का होतं. तासाभरानं पाहावं तर प्रश्न तेच, उत्तर एकही नाही, छाती मात्र जड झालेली.

'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण ज्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघाली, त्यांनी ही रात्र काढलेली असणार. या अवस्थेला आपल्याकडे शब्दही नेमका आहे, रवंथ. गाईचा रवंथ मात्र कामाचा असतो. घास वर येतो, मिनिटभर चघळला जातो, पुन्हा पोटात जातो, मग दुसरा घास. त्यातून तिचं पोषण होतं. मनाचा घास खाली उतरतच नाही. तोच तोच चघळला जातो आणि चघळणाऱ्याला वाटत राहतं की आपण विचार करतोय, म्हणजे काहीतरी करतोय.

खरी गफलत इथे होते. रवंथ विचारासारखा दिसतो म्हणून आपण त्याला वेळ देतो. दोन्ही वेगळे ओळखायची एक साधी रीत आहे. दहा मिनिटं झाली की स्वतःला विचारायचं, या दहा मिनिटांत मला एखादी नवी गोष्ट कळली का? पुढे काय करायचं, याचं एखादं पाऊल ठरलं का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर तो रवंथ. आणखी एक खूण म्हणजे शरीर. विचार एखाद्या निर्णयापाशी आला की खांदे सैल पडतात, श्वास सुटतो. रवंथात दात आवळलेले, कपाळ ताणलेलं, पोटात गोळा. मागच्या गोष्टीचं ते कुढणं आणि पुढच्या गोष्टीची ती काळजी. नावं दोन असली तरी जातं एकच.

हे नुसतं त्रासदायक असतं की खरंच अपाय करतं? सुसान नोलेन-होक्सेमा या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना त्यांनी विद्यार्थ्यांकडून काही प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. मन खिन्न झालं की तुम्ही काय करता, असाही त्यांतला एक भाग होता. त्यानंतर 14 दिवसांनी, 17 ऑक्टोबर 1989 रोजी, तिथे मोठा भूकंप झाला. ठरवूनही जमला नसता असा अभ्यास त्यांच्या हाती आला. त्याच विद्यार्थ्यांना त्यांनी भूकंपानंतर 10 दिवसांनी आणि 7 आठवड्यांनी पुन्हा तपासलं. ज्यांना आधीपासूनच खिन्नता उगाळत बसायची सवय होती, त्यांच्यात नैराश्याची लक्षणं जास्त दिसली, सात आठवड्यांनंतरही. संकट सगळ्यांवर एकच आलं होतं. दुःख किती मोठं होतं याच्याइतकंच ते किती वेळ चघळलं गेलं, यालाही महत्त्व होतं.

मग 'विचारच करू नकोस' हा सल्ला बरोबर ठरतो का? नाही ठरत, आणि का ठरत नाही हेही तपासून झालेलं आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना सांगितलं, पाच मिनिटं मनात येईल ते मोठ्यानं बोला, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच तर घंटा वाजवा. घंटा वाजत राहिली. पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. नंतर याच लोकांना 'आता खुशाल अस्वलाचा विचार करा' असं सांगितलं, तेव्हा ज्यांनी आधी तो दाबला होता त्यांच्या मनात अस्वल सुरुवातीलाच विचाराची मोकळीक मिळालेल्या दुसऱ्या गटापेक्षा जास्त वेळा आलं. कारण उघड आहे. एखादी गोष्ट मनात येत नाहीये ना, हे तपासायला मनाला तीच गोष्ट धरून ठेवावी लागते. याच प्रयोगमालिकेत काही जणांना सुचवलं होतं की अस्वल आलं तर त्याऐवजी लाल फोक्सवॅगन गाडी डोळ्यांसमोर आणा. त्यांच्यात ही उसळी बरीच कमी झाली. म्हणजे मन दुसरीकडे वळवायचं तर त्याला आधीच ठरवलेली एक ठोस गोष्ट द्यावी. या खोलीतून त्या खोलीत, या ॲपवरून त्या ॲपवर अशी पळापळ केली की प्रत्येक गोष्टीला त्या नकोशा विचाराचाच वास लागतो.

रोजच्या जगण्यात सगळ्यात उपयोगी पडणारी रीत मात्र वेगळी आहे. काळजी दाबायची नाही, तिला वेळ नेमून द्यायची. मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये ही पद्धत मांडली. रोज अर्धा तास, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, फक्त काळजी करायची. दिवसभरात आलेली प्रत्येक काळजी त्या अर्ध्या तासावर ढकलायची. ऐकायला इतकं सोपं आहे की बरेच जण करूनच बघत नाहीत. तपशील चुकले तर ते फसतंही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

वेळ संध्याकाळची बरी, झोपेच्या आधी निदान दोन-तीन तास. जागा रोज तीच, पण पलंग नको आणि ज्या खुर्चीत आराम करता तीही नको. ज्या जागी आपण जे वारंवार करतो त्या जागेचं त्याच गोष्टीशी नातं जुळतं. पलंगावर काळजी केली तर पलंग दिसला की काळजी जागी होते. जरा अडचणीची, टेबलाजवळची खुर्ची उत्तम. सोबत वही आणि गजर. सुरुवातीला 20 मिनिटं पुरतात, 30च्या वर जायचं नाही.

दिवसभर जवळ एक कागदाचा कपटा ठेवायचा. काळजी आली की दोन-तीन शब्द लिहायचे आणि मनाशी म्हणायचं, "आली आहेस हे कळलं, साडेसहाला बसू." मग हातातल्या कामाकडे परत. कपट्यावर वाक्यं लिहायची नाहीत. वाक्य लिहायला घेतलं की तिथेच दळण सुरू होतं.

समजा दिवसाअखेरीस कपट्यावर एवढं आहे: 'साहेब – मेल', 'आई – गुडघा', 'परवाचं बोलणं', 'पैसे, मार्च'. साडेसहाला गजर लावून बसायचं आणि वहीचं पान उभं दुमडायचं. डावीकडे 'माझ्या हातात', उजवीकडे 'माझ्या हाताबाहेर'. 'आई – गुडघा' घेतलं. उजवीकडे लिहिलं, 'एक्स-रेमध्ये काय निघेल'. डावीकडे, 'उद्या सकाळी 10 वाजता दवाखान्यात फोन करून वेळ घेणे. जुने रिपोर्ट कपाटाच्या खालच्या खणातून काढून ठेवणे'. डावीकडच्या प्रत्येक ओळीत क्रियापद हवं आणि वेळ हवी. 'आईकडे लक्ष देणे' ही ओळ नाही, तो रवंथाचाच एक घास आहे, कारण ते पूर्ण झालं हे कधी कळणारच नाही. उजवीकडच्या ओळींचं काही करायचं नसतं. त्या लिहायच्या, वाचायच्या, त्यातलं भय दोन मिनिटं अंगावर येऊ द्यायचं आणि पुढची ओळ घ्यायची. गजर वाजला की वही बंद, जागेवरून उठायचं आणि लगेच अंग हलेल असं काहीतरी करायचं, चार घरांपर्यंत चालून येणं असो की कपड्यांच्या घड्या.

फसतं कुठे? पहिली चूक म्हणजे दिवसा काळजी ढकलायची आणि संध्याकाळी बसायचंच नाही. मनाला दोन दिवसांत कळतं की हा शब्द खोटा होता, मग ते ढकलून घेत नाही. दुसरी, 'आज काही विशेष नाही' म्हणून उठून जाणं. साडेसहापर्यंत कपट्यावरच्या निम्म्या गोष्टी शिळ्या झालेल्या दिसतात, वाचताना कंटाळासुद्धा येतो. तो कंटाळा हाच या खटाटोपाचा फायदा आहे, त्यामुळे वेळ पूर्ण बसून काढायचा. तिसरी चूक अपेक्षेची. पहिल्या आठवड्यात तीच काळजी दिवसात पंधरा वेळा ढकलावी लागली तर पद्धत चालत नाही असं वाटतं. पंधरा वेळा ढकलली म्हणजे पंधरा वेळा तुमच्या ते लक्षात आलं, आणि शिकायचं नेमकं तेच आहे. दोन ते चार आठवडे द्यावेत.

आता या पानाला एक जोड सुचवते, आणि ती मराठीत जितकी छान जमते तितकी क्वचित कुठे जमत असेल. प्रत्येक ओळीच्या आधी त्या भावनेचं नेमकं नाव लिहायचं. 'टेन्शन' हे नाव नाही. 'वाईट वाटतंय' हेही नाही, ते गाठोडं आहे. ते सोडून आत काय आहे ते पाहायचं. काहीतरी करायचं राहून गेलं, ते टोचतंय? ती रुखरुख. थोडक्यात हुकलं? चुटपुट. दोन्हीकडे मन ओढतंय आणि पाय निघत नाही? घालमेल. कारण सापडत नाही, पण काहीतरी सुटून गेल्यासारखं, कुणाची तरी वाट पाहिल्यासारखं वाटतंय? हुरहूर. समोर काहीच घडलेलं नाही पण घडेल म्हणून जीव मुठीत? धास्ती. जुनं, बोलून न दाखवलेलं, अधूनमधून ठणकणारं? सल. रोजच्या त्याच त्या गोष्टींनी जीव विटलाय? उबग. मोठ्या अपेक्षेनं गेलो आणि कुणी दखलच घेतली नाही? मग आपण हिरमुसलोय, बाकी काही नाही.

हा शब्दांचा खेळ नाही. प्रत्येक नावाला वेगळं औषध आहे. रुखरुख राहून गेलेलं काम मागते. ते केलं, किंवा करता येण्यासारखं नसेल तर तसं संबंधित माणसाला सांगितलं, की ती जाते. तिला विश्रांती देऊन काही होत नाही. उबग विश्रांती आणि बदल मागतो. त्याच्यावर आणखी काम लादलं की तो चिडचिड होऊन बाहेर पडतो. घालमेल निर्णयाची तारीख मागते. धास्तीला माहिती लागते, नाहीतर त्या गोष्टीच्या थोडं थोडं जवळ जाणं लागतं. सल बोलून दाखवावा लागतो, आणि हुरहुरीला तर नुसतं सोबत बसू दिलं तरी चालतं. सगळ्यांना 'टेन्शन' म्हटलं की सगळ्यांवर एकच उपाय केला जातो, बहुधा मोबाइल. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन यांच्या गटानं 2007 मध्ये मेंदूच्या चित्रणातून दाखवलं की भावना दाखवणारे चेहरे पाहताना लोक त्या भावनेला शब्दात नाव देतात, तेव्हा मेंदूतल्या अमिग्डला या धोक्याची दखल घेणाऱ्या भागाची हालचाल कमी होते. नाव दिल्यानं दुःख नाहीसं होत नाही. ते पुरेसं लांब सरकतं, इतकं की त्याच्याकडे पाहता येतं.

आणखी एक बारीक बदल. रवंथातले बहुतेक प्रश्न 'का'नं सुरू होतात. माझ्याच वाट्याला का, मला जमत का नाही. 'का' विचारणारं मन हळूहळू घटना सोडून स्वतःच्या लायकीवर घसरतं आणि तिथून परत येणं अवघड असतं. मानसशास्त्रज्ञ एड वॉटकिन्स यांनी बसवलेल्या उपचारात लोकांना ठोस विचार करायला शिकवतात, म्हणजे 'का' सोडून 'कसं'. दुपारचंच वाक्य घ्या. कुठे होतो, समोर कोण होतं, कोणत्या कामावरून विषय निघाला, नेमके शब्द कोणते होते, त्यावर आपण काय बोललो, त्यानंतर पाच मिनिटांत काय घडलं? एखादा माणूस कॅमेरा घेऊन उभा होता असं समजून लिहायचं. असं लिहिताना बरेचदा दिसतं की 'सगळ्यांसमोर' म्हणजे दोघांसमोर, आणि 'नेहमी' म्हणजे यापूर्वी एकदा. मग शेवटचा प्रश्न, पुढची हालचाल काय? उद्या त्यांना गाठून "काल तुम्ही अपेक्षेबद्दल बोललात, नेमकं काय अपेक्षित होतं?" असं विचारणं ही हालचाल आहे. त्यांचा स्वभावच तसा, हा निष्कर्ष आहे. त्यानं रात्र सरत नाही.

रात्रीचं गणित वेगळंच असतं. तीन-साडेतीनला जाग येते आणि दिवसा चार ओळींत मावलेली काळजी छताएवढी होते. यात शरीराचा मोठा हात आहे. झोप साधारण 90 मिनिटांच्या फेऱ्यांनी चालते. गाढ झोपेचा बराच वाटा पहिल्या निम्म्या रात्रीत उरकतो, उत्तररात्री झोप हलकी आणि स्वप्नांची असते, त्यामुळे जाग सहज येते. शरीराचं तापमान पहाटेच्या सुमारास सगळ्यात खाली गेलेलं असतं, शरीराला जागं करणारं कॉर्टिसोल हे संप्रेरक हळूहळू चढायला लागलेलं असतं. समोर बोलायला माणूस नाही, करायला काम नाही. अशा वेळी मनात आलेला निष्कर्ष नोंदवून ठेवावा, पण मानू नये. नोकरी सोडणं, नातं तोडणं, कुणाला लांबलचक संदेश पाठवणं, यांतलं काहीही पहाटे तीनला करायचं नाही, हा नियम दिवसाउजेडी स्वतःशी करून ठेवावा.

जाग आली तर घड्याळ पाहू नये. ते भिंतीकडे तोंड करून ठेवणं चांगलं, कारण तीन वाजले हे कळलं की 'उरले किती तास' ही वजाबाकी सुरू होते आणि वजाबाकीनं झोप उडते. अंदाजानं 15-20 मिनिटं झोप लागली नाही तर उठावं. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये मांडलेला हा नियम निद्रानाशाच्या उपचारांत आजही पायाचा मानतात. पलंग झोपेसाठी, तळमळण्यासाठी नाही. मंद उजेडात बसून काहीतरी सपक करावं, वाचून झालेलं पुस्तक पुन्हा चाळणं, मोज्यांच्या जोड्या लावणं. डोळे मिटायला लागले की परत पलंगावर. नुसता थकवा आला म्हणून नव्हे. खुर्ची, शाल, छोटा दिवा संध्याकाळीच मांडून ठेवावा, नाहीतर त्या वेळी उठवत नाही. ज्यांना अंधारात तोल जाण्याची भीती आहे त्यांनी पलंगावरच उठून, टेकून बसावं. आणि सकाळी उठायची वेळ, रात्र कशीही गेली तरी, तीच ठेवावी. भरपाई म्हणून दोन तास जास्त झोपलं किंवा रात्री नऊलाच आडवं झालं की झोपेची भूक मरते आणि पुढची रात्रही तशीच जाते.

झोपण्याआधीची पाच मिनिटंही कामी येतात. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 57 तरुणांपैकी काहींना झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या दिवसांत करायची कामं लिहायला सांगितली, काहींना करून झालेली. करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर. चहा-कॉफीचंही एकदा गणित करून पाहावं. कॅफिन निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. संध्याकाळी पाचला घेतलेल्या कपातलं निम्मं रात्री दहालाही अंगात असतं.

श्वासाबद्दल थोडंसंच सांगते, कारण त्याबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत आणि चुकीचं सांगणारेही. घाबरलेल्या माणसाला 'मोठे मोठे श्वास घे' म्हणतात. तो भराभर मोठे श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं आणि त्याला वाटतं आता काहीतरी गंभीर होतंय. श्वास मोठा नको, सोडणं लांब हवं. श्वास सोडताना हृदयाची गती जराशी उतरते, म्हणून तोच भाग लांबवायचा. चार सेकंद नाकानं आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. पाच मिनिटं. पोट हलू द्यायचं, खांदे नाही. चक्कर आल्यासारखं वाटलं तर मोजणं सोडून साधा श्वास घ्यायचा.

आणि एक असा टप्पा येतो जिथे काळजीसुद्धा उरत नाही, नुसता जडपणा राहतो. अंघोळीला उठवत नाही, फोन उचलवत नाही. 'मूड आला की करू' असं म्हणत दिवस जातात. इथे क्रम उलटा लावावा लागतो. मानसशास्त्रज्ञ पीटर ल्युइनसन यांनी 1970च्या दशकात दाखवलेली दिशा हीच होती. माणूस खिन्न होतो म्हणून गोष्टी सोडतो, गोष्टी सोडल्या की समाधान मिळण्याच्या जागा कमी होतात, आणि त्यामुळे आणखी खिन्न होतो. हे चाक भावनेच्या बाजूनं अडवता येत नाही, कृतीच्या बाजूनं येतं. आठवडाभर तासातासाची नोंद ठेवायची, काय केलं आणि त्यातून किती बरं वाटलं, 0 ते 10. मग पुढच्या आठवड्यात अशा दोन-तीन छोट्या गोष्टी दिवस आणि वेळ ठरवून घालायच्या. इतक्या छोट्या की नाही म्हणणं कठीण व्हावं. 'रोज 45 मिनिटं चालणे' लिहिलं तर तिसऱ्या दिवशी मोडतं, आणि मोडल्याची शरम आणखी खाली ओढते. 'चप्पल घालून कोपऱ्यापर्यंत' हे टिकतं. निघण्याआधी अंदाज लिहायचा, किती बरं वाटेल? बहुतेक जण 1 किंवा 2 लिहितात. परत आल्यावर खरा आकडा लिहायचा, तो 3-4 असतो. नैराश्यात मनाचा अंदाज सतत खालच्या बाजूला चुकतो, हे स्वतःच्या अक्षरात, आकड्यांत पाहिलेलं माणूस सहसा विसरत नाही.

माणसांशी बोलावं, हे तर आहेच. पण दोघांनी मिळून केलेला रवंथही असतो. रोज फोनवर तीच कहाणी, तेच 'हो ना, कमालच आहे', आणि फोन ठेवल्यावर दोघंही आधीपेक्षा जड. बोलण्याला वीस मिनिटं द्यावीत आणि मग एकत्र काहीतरी वेगळं करावं. ऐकणाऱ्यानं सुरुवातीलाच विचारावं, "सल्ला हवाय की नुसतं ऐकू?" हा एक प्रश्न कितीतरी भांडणं वाचवतो. 'एवढं काय मनाला लावून घेतोस', 'तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीत लोक आहेत', 'सकारात्मक राहा' ही वाक्यं प्रेमानं म्हटली तरी ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की इथे पुन्हा बोलायचं नाही.

वरचं सगळं करूनही पुरत नाही, असंही होतं, आणि त्यात कुणाचा कमीपणा नाही. उदासी, किंवा कशातच गोडी न वाटणं, दोन आठवडे जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराच भाग राहिलं, सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली, काम अडायला लागलं, तर ती आता सवयींनी आवरायची गोष्ट राहिलेली नाही. आधी साध्या डॉक्टरांना दाखवलं तरी चालतं, किंबहुना दाखवावंच. थायरॉइडचं काम मंदावणं, रक्तातलं हिमोग्लोबिन किंवा बी12 जीवनसत्त्व कमी होणं, यांतूनही असाच थकवा आणि खिन्नता येते, आणि ते रक्ताच्या तपासणीत कळतं. औषधं मानसोपचारतज्ज्ञ लिहून देतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्याच्या पद्धतींनी उपचार करतात. अनेकांना दोन्ही लागतं. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे जातात, मळमळीसारखा त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवतो. नेमकं याच काळात लोक गोळ्या सोडतात. त्रास झाला तर डॉक्टरांना फोन करावा. बरं वाटायला लागल्यावरही आपल्या मनानं एकदम थांबवू नये, त्या हळूहळू कमी कराव्या लागतात.

मरणाचे विचार येत असतील, त्यातही कसं आणि केव्हा हे मनात घोळत असेल, तर त्या रात्री एकटं राहायचं नाही. घरातल्या किंवा ओळखीतल्या एका माणसाला स्पष्ट शब्दांत सांगायचं, ज्यानं इजा करता येईल ते दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचं आणि हेल्पलाइनला किंवा तातडीच्या सेवेला फोन करायचा. समोरच्याबद्दल शंका आली तर सरळ विचारावं, "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो.

पहिल्या भेटीत तज्ज्ञांसमोर बसलं की नेमकं काही आठवत नाही, डोळे भरून येतात आणि 'तसं ठीक आहे' एवढंच तोंडून निघतं. म्हणून जाण्याआधी तीच दुमडलेली वही उघडावी आणि अर्ध्या पानावर लिहून घ्यावं: हे कधीपासून आहे, रात्री किती वाजता जाग येते, पूर्वी काय करायला आवडायचं आणि ते कधी सुटलं, सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, दुखण्याच्या किंवा आपल्या मनानं घेतलेल्यासुद्धा, दारू, तंबाखू किती, घरात आधी कुणाला असा त्रास होता का, मरणाचा विचार येतो का. बोलायला जमलं नाही तर कागद तसाच टेबलावर पुढे सरकवावा. त्यांना अशा कागदांची सवय असते.